क्रमाची कोडी: प्रश्नांना हात लावण्याआधीची साडेतीन मिनिटं

अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी असलेल्या एलसॅट परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून ॲनॅलिटिकल रीझनिंगचा विभाग गेला. सगळे त्याला लॉजिक गेम्स म्हणायचे. जून २०२४ ची परीक्षा ही त्याची शेवटची फेरी. आकृत्या काढल्याशिवाय हा विभाग सुटत नाही, मग ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं, हा दृष्टिहीन परीक्षार्थीच्या दाव्यातला मुद्दा होता आणि त्यावर २०१९ मध्ये तडजोड झाली. विभाग गेला ते योग्यच झालं असं मला वाटतं. पण ती कोडी मात्र टाकून देण्यासारखी नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या लॉ प्रवेशाची एमएच सीईटी लॉ, एमबीए प्रवेशाच्या कॅटचा डीआयएलआर (आकडेवारी आणि तर्क) विभाग, बँकांच्या परीक्षा, जिथे जिथे कोण कोणाच्या आधी हे लावायचं असतं, तिथे सराव करायला एलसॅटच्या जुन्या कोड्यांइतकं चोख साहित्य नाही. त्यांत माहिती कमी पडत नाही, दोन उत्तरं बरोबर येत नाहीत आणि एकही शब्द उगाच लिहिलेला नसतो.

विभागाचा हिशोब असा असायचा: ३५ मिनिटं, चार कोडी, मिळून २२ ते २४ प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसत. म्हणजे एका कोड्याच्या वाट्याला ८ मिनिटं ४५ सेकंद. बहुतेक जण यातलं एक मिनिट अटी वाचण्यात घालवतात आणि उरलेला सगळा वेळ एकेक पर्याय तपासत झगडतात. माझं ठाम मत याच्या उलट आहे. पहिली तीन ते साडेतीन मिनिटं प्रश्नांकडे बघायचंसुद्धा नाही. तेवढ्या वेळात अटी मांडायच्या, एकमेकींत गुंतवायच्या आणि त्यातून जे आपोआप निघतं ते काढून ठेवायचं. मग सहा प्रश्नांना पाच मिनिटं पुरतात, कारण निम्मे प्रश्न आकृतीकडे नुसतं बघून सुटलेले असतात.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक कोडं घेऊ. घडण एलसॅटची, अटी माझ्या.

एका खटल्यात सात साक्षीदार आहेत: अनिता, गणेश, जयंत, तारा, नलिनी, मोहन आणि सुधीर. ते एकामागून एक साक्ष देणार आहेत. प्रत्येकाची साक्ष एकदाच, एका वेळी एकाचीच.

पहिली अट: गणेशनंतर लगेच मोहनची साक्ष होते.
दुसरी अट: नलिनीची साक्ष ताराच्या आधी आणि ताराची अनिताच्या आधी होते.
तिसरी अट: सुधीरची साक्ष ताराच्या आधी होते किंवा जयंतच्या आधी होते, पण दोघांच्याही आधी होत नाही.
चौथी अट: नलिनीची साक्ष पहिली नसते.

आधी कागदावर सात आडव्या रेघा काढा आणि खाली १ ते ७ आकडे टाका; ही साक्षींची सात घरं. बाजूला सातही आद्याक्षरं लिहा: अ ग ज त न म स. एलसॅटमध्ये अशी नावं मुद्दाम वेगवेगळ्या आद्याक्षरांची दिलेली असत, म्हणजे एका अक्षरावर भागावं. आपल्याकडच्या पेपरांत ही सोय नेहमी नसते. सुरेश आणि सुनील एकाच कोड्यात आले, तर स१, स२ असं काही सुरुवातीलाच ठरवून घ्या, मध्येच बदलू नका.

आता अटी. पहिली सोपी: [गम] असा जोडून चौकोन करा. ही दोन अक्षरं यापुढे एकच वस्तू. चौकोनाचा खरा उपयोग पुढे कळतो: त्याला सलग दोन घरं लागतात, म्हणून मध्ये एकच घर रिकामं राहिलं तर तो तिथे बसूच शकत नाही.

दुसरी: न – त – अ. इथली रेघ म्हणजे फक्त 'आधी कधीतरी'. मध्ये कोणी नसेल, एक असेल किंवा तिघे असतील. चौकोन आणि रेघ यांत गल्लत झाली की अख्खं कोडं वाया जातं, म्हणून लगेचच्या शेजाऱ्यासाठी चौकोन आणि नुसत्या आधी-नंतरसाठी रेघ, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

तिसरी अट वाचताना घाई करू नका. सुधीर ताराच्या आधी असेल, तर तो जयंतच्या आधी असू शकत नाही. एका वेळी एकच साक्ष होते, म्हणजे तो जयंतच्या नंतर असणार. तेव्हा ज – स – त. आणि सुधीर जयंतच्या आधी असेल, तर तो ताराच्या नंतर, म्हणजे त – स – ज. तिसरी शक्यताच नाही. सुधीर कायम त्या दोघांच्या मध्ये. फक्त कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे एवढाच प्रश्न. ज्या अटीतून नेमक्या दोनच वाटा फुटतात, ती त्या कोड्यातली सर्वांत मोलाची अट समजा. तिथे कागदाचे दोन भाग करा आणि दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून बघा.

चौथीसाठी पहिल्या घराखाली न लिहून त्यावर काट मारा. बास.

आता जोडणी.

पहिली वाट, ज – स – त. यात दुसरी अट मिसळली की तारापुढे तिघे उभे राहतात: जयंत, सुधीर, नलिनी. जयंत सुधीरच्या आधी, नलिनी मात्र त्या दोघांच्या संदर्भात कुठेही. ताराच्या मागे अनिता. उरला [गम] चौकोन. इथे दोन गोष्टी हाती लागतात. एक, पहिल्या घरात कोण येईल? सुधीरच्या आधी जयंत, ताराच्या आधी तिघे, अनिताच्या आधी तारा, मोहनच्या आधी गणेश. नलिनीला चौथ्या अटीने मज्जाव. राहिले फक्त जयंत आणि गणेश. दोन, तारा कुठे बसेल? तिच्याआधी तिघे नक्की आणि नंतर अनिता नक्की. चौकोन अख्खाच्या अख्खा तिच्या आधी जाईल किंवा नंतर. आधी गेला तर तारा सहावी, नंतर गेला तर चौथी. ती पाचवी कधीच होत नाही. हे डोळ्यांना सहजी दिसत नाही, आणि असल्याच जागी परीक्षक प्रश्न टाकतात.

दुसरी वाट, त – स – ज. नलिनी ताराच्या आधी, तारा बाकी तिघांच्या आधी. म्हणजे नलिनीच्या मागे तारा, सुधीर, जयंत, अनिता असे चौघे. पण नलिनी पहिली असू शकत नाही. मग तिच्यापुढे कोण असेल? उरलाय फक्त चौकोन. म्हणून गणेश पहिला, मोहन दुसरा, नलिनी तिसरी, तारा चौथी. चार घरं जागच्या जागी पक्की झाली. पाच, सहा, सात या घरांत अनिता, सुधीर, जयंत. अट एवढीच की सुधीर जयंतच्या आधी. म्हणजे अ स ज, स अ ज, स ज अ हे तीनच क्रम.

'नलिनी पहिली नसते' ही अट वाचताना किती किरकोळ वाटली होती! एका वाटेत तिने चार घरं भरली. म्हणून छोट्या नकारार्थी अटी बाजूला टाकू नका. दोन वाटा काढून झाल्यावर प्रत्येक वाटेत त्या पुन्हा लावून बघा.

दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या की सगळ्या कोड्याला लागू पडणाऱ्या गोष्टी दिसतात: पहिली साक्ष जयंतची किंवा गणेशची, तारा चौथी किंवा सहावी. एकूण क्रम मोजलेत तर सोळा भरतील, पहिल्या वाटेत तेरा आणि दुसरीत तीन. परीक्षेत मोजत बसायचं नसतं; घरी सराव करताना मात्र मोजा, आपली मांडणी पक्की आहे का हे त्यातून तपासलं जातं.

आता प्रश्न. पहिला बहुतेक वेळा 'खालीलपैकी कोणता क्रम शक्य आहे' असा असतो. पाच पर्याय असे समजा:

ज स ग म न त अ
न ज स ग म त अ
ज ग स म न त अ
ज न स ग म अ त
ग म ज न त स अ

इथे एकेक पर्याय घेऊन चारही अटी तपासायच्या नाहीत. एकेक अट घेऊन पाचही पर्यायांवरून नजर फिरवायची. पहिली अट: तिसऱ्या पर्यायात ग आणि म सुटे झालेत, काट. दुसरी अट: चौथ्यात अनिता ताराच्या आधी, काट. तिसरी अट: पाचव्यात सुधीर तारा आणि जयंत दोघांच्याही नंतर, काट. चौथी: दुसऱ्यात नलिनी पहिली, काट. पहिला पर्याय उरला. तीस-चाळीस सेकंदांचं काम आहे. आणि हे उत्तर पुसू नका. हा एक खात्रीचा क्रम हातात आलाय. पुढे 'काय नक्की खरं' असा प्रश्न आला आणि एखादा पर्याय या क्रमात खोटा ठरत असेल, तर तो तिथल्या तिथे बाद.

दुसरा प्रश्न: मोहन पाचवा असेल, तर काय नक्की खरं? आधी वाट ठरवा. दुसऱ्या वाटेत मोहन दुसराच असतो, म्हणजे आपण पहिल्या वाटेत आहोत. गणेश चौथा. तो पहिला नाही, म्हणून जयंत पहिला. चौकोन चार-पाचवर बसल्यावर तारापुढच्या तिघांना १, २, ३ हीच घरं मिळतात, कारण सहावर एक घर उरतं ते ताराचं आणि सातवं अनिताचं. सुधीर आणि नलिनी दुसऱ्या-तिसऱ्या घरांत कसेही. तर नक्की खरं काय: जयंत पहिला, तारा सहावी, अनिता सातवी. यापैकी एक पर्यायांत असणारच. 'सुधीर दुसरा' हाही पर्यायांत असेल, आणि तो फसवायला ठेवलेला असेल. ते खरं असू शकतं, पण नक्की नाही.

जयंत सातवा असेल तर? पहिल्या वाटेत त्याच्यामागे किमान तिघे आहेत, म्हणून दुसरी वाट. पाच जागा ठरल्या, फक्त अनिता आणि सुधीर पाचव्या-सहाव्या घरांत अदलाबदल करू शकतात. दहा सेकंद.

'काय असू शकत नाही' असा प्रश्न आला आणि पर्यायांत अनिता पाचवी, सुधीर सहावा, तारा पाचवी, मोहन सातवा, नलिनी दुसरी असे असले, तर ज्याने मांडणी केलीय तो न लिहिता 'तारा पाचवी' वर बोट ठेवतो. ज्याने केली नाही तो पाच क्रम रचत बसतो आणि नेमका याच पर्यायावर त्याचा क्रम जुळेना झाला की आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा सुरुवात करतो. वेळ जातो तो इथे.

सर्वांत अवघड म्हणजे अट बदलण्याचा प्रश्न: चौथ्या अटीऐवजी यातली कोणती अट ठेवली तर परिणाम तंतोतंत तोच राहील? इथे दोन बाजूंनी तपासावं लागतं. जुन्या अटीने जे क्रम बाद होत होते ते सगळे नव्या अटीनेही बाद व्हायला हवेत, आणि जे चालत होते त्यांतला एकही बाद होता कामा नये. 'नलिनीची साक्ष जयंतच्या नंतर होते' घ्या. ग म न ज स त अ हा क्रम मूळ अटींत बसतो, पण या नव्या अटीत नाही. म्हणजे अट जास्तच कडक, बाद. 'तारा दुसरी नसते' घ्या. न ज स त अ ग म या क्रमात नलिनी पहिली आहे, तरी नवी अट त्याला अडवत नाही. म्हणजे ढिली, बाद. 'पहिली साक्ष जयंतची किंवा गणेशची' ही मात्र बरोबर बसते, कारण बाकीच्या तीन अटींमुळे पहिल्या घराचे दावेदार मुळात तीनच होते: जयंत, गणेश, नलिनी. नलिनीला काढणं आणि उरलेल्या दोघांची नावं घेणं एकच. या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुम्ही सुरुवातीला काढलेल्या निष्कर्षांपैकीच एक असतं, तिकडे आधी बघा.

प्रश्न ज्या क्रमाने छापलेत त्याच क्रमाने सोडवायची सक्ती नाही. आधी 'कोणता क्रम शक्य आहे', मग 'जर' ने सुरू होणारे सगळे, त्यानंतर सरसकट प्रश्न, म्हणजे ज्यांत कुठलीही जादा 'जर' नसते ते, आणि अट बदलण्याचा सर्वांत शेवटी. कारण 'जर' च्या प्रत्येक प्रश्नात तुम्ही एक-दोन नवे क्रम लिहिता आणि ते सरसकट प्रश्नांत पर्याय उडवायला कामी येतात. म्हणूनच प्रत्येक प्रश्नाचं कच्चं काम त्याचा क्रमांक घालून वेगळ्या ओळीत करा. मूळ आकृतीत 'मोहन पाचवा' लिहिलंत आणि पुसायला विसरलात, तर ती त्या एका प्रश्नापुरती अट पुढच्या चारही प्रश्नांत शिरते. ही चूक फार होते आणि होताना कळत नाही, कारण उत्तरं निघत राहतात, फक्त चुकीची.

काही अटी या कोड्यात आल्या नाहीत, पण इतरत्र हमखास भेटतात. 'दोघांच्या मध्ये नेमके दोन जण' म्हणजे घरांत फरक तीनचा. चौकोन चार घरांचा करा, [क _ _ ख], आणि तो उलटाही बसतो हे शेजारी लिहा. 'किमान दोन' असेल तर चौकोन नको, फरक तीन किंवा जास्त एवढंच लिहा. 'जर-तर' ची अट असेल तर तिची उलट नकारार्थी बाजू लगेच मांडायची: 'तारा चौथी असेल तर अनिता पाचवी' म्हणजे 'अनिता पाचवी नसेल तर तारा चौथी नाही'. अनिता पाचवी आहे म्हणून तारा चौथी, असं मात्र त्यातून निघत नाही. मजल्यांचं कोडं असेल तर घरं उभी काढा, पहिला मजला खाली. वयाचं किंवा गुणांचं असेल तर १ म्हणजे सर्वांत मोठा की सर्वांत लहान, हे एका टोकाला अक्षरांत लिहून ठेवा. आणि रेघांचं झाड काढलंत तर त्यात शेजारी आलेल्या दोन अक्षरांत काही नातं आहे असं धरू नका. आपल्या पहिल्या वाटेत नलिनी आणि सुधीर एका रांगेत दिसतात, पण कोण आधी हे कुठल्याच अटीने सांगितलेलं नाही.

दोन वाटा प्रत्येक कोड्यात काढायच्या का? नाही. एखादी अट दोन-तीनच शक्यता देत असेल आणि प्रत्येक शक्यतेत आणखी घरं भरत असतील, तरच. वाट फोडून एकच अक्षर पक्कं होत असेल तर सोडून द्या, तो वेळ भरून निघत नाही. चारपेक्षा जास्त वाटा व्हायला लागल्या, तर अट चुकीची निवडलीय असं समजा आणि दुसऱ्या अटीवरून फोडून बघा.

सराव करताना सुरुवातीची दहा-पंधरा कोडी घड्याळ न लावता करा. सोडवून झालं की उत्तरं तपासण्यावर थांबू नका. कोणता निष्कर्ष आपल्याला आधी दिसायला हवा होता आणि दिसला नाही, तो एका ओळीत लिहा. तेच कोडं तीन-चार दिवसांनी पुन्हा घ्या. उत्तर आठवत असलं तरी हरकत नाही. मांडणी न अडखळता हातातून उतरते का, हे बघायचंय. घड्याळ त्यानंतर लावा.

परीक्षा बदलली की थोडं बदलावं लागतं. एमएच सीईटी लॉमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि या प्रकारचे प्रश्न सहसा आटोपशीर असतात, तिथे एका आकृतीत काम भागतं आणि पर्याय उडवत जाणं परवडतं. कॅटमध्ये ४० मिनिटांच्या डीआयएलआर विभागात काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर टाइप करायचं असतं. 'किती क्रम शक्य आहेत' असं तिथे सरळ विचारलं जाऊ शकतं आणि उडवायला समोर काही नसतं. तिथे दोन्ही वाटा शेवटपर्यंत लिहून काढलेल्या असतील तरच सोळा हा आकडा हाती येतो.